दस्त्यावरचा पुसलेला नंबर

आमच्या ह्यांना संग्रहालयातले लोक पाठीमागे ‘घाशा’ म्हणतात. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला माणूस कळतो. सकाळी मी चहा गाळत असते तेव्हा हे शेजारी उभे राहून नळ पुसत असतात. चहाला बसले की बशी उलटी करून तिचं बूड पुसतात. खिशात कायम एक पिवळं फडकं. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या वडिलांशी बोलता बोलता यांनी अख्खी खुर्ची पुसून काढली होती. वडील सुतारकाम करायचे. आपल्या हातची खुर्ची कुणीतरी एवढ्या मायेने पुसतंय म्हणून ते खूश झाले. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

नोकरी लष्करी संग्रहालयात, भांडारपालाची. पदकं, टोप्या, पट्टे, तंबूच्या खुंट्या आणि एक्केचाळीस रायफली, या सगळ्यांची यादी ठेवायची, निगा राखायची, आणि प्रत्येक वस्तूखाली पाटी लिहायची. स्वतः कधी सैन्यात नव्हते. फुगा फुटला तरी दचकतात. पण रायफलीचा एक स्क्रू हातात दिलात तर ती कोणत्या काळातली ते सांगतील, आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नंबर तोंडपाठ. माझा वाढदिवस मात्र दरवर्षी मुलगी फोन करून आठवण करून देते.

बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ आहे. ते नोकरीच्या पहिल्या वर्षी मिळालं. संग्रहालय उघडायचं होतं, बंद पडलेल्या एका लष्करी डेपोतून लॉरी भरून माल आला होता, आणि रायफली सगळ्या काळ्याकुट्ट, हाताला चिकटणाऱ्या. यांनी तीन आठवड्यांत सगळ्यांचे लाकडी दस्ते पॉलिश पेपरने घासले, तेल पाजलं, आणि असे चकचकीत केले की तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटून घड्याळ दिलं. पाहुणा कुणीही येवो, पहिल्या पाच मिनिटांत त्याला या घड्याळाची गोष्ट ऐकावी लागते.

निवृत्तीला चार महिने उरले असताना संग्रहालयात एक बाई आल्या.

सत्तरीच्या, बारीक चणीच्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. “बाई म्हणा, सगळे तेच म्हणतात,” असं सांगून त्यांनी पर्समधून एक कागद काढला. त्यांच्या वडिलांना सैन्यातून घरी पाठवल्याचं पत्र होतं ते. वडील स्नायपर होते, म्हणजे रायफलीला दुर्बीण लावून लांबून नेम धरणारे. पत्रात रायफलीचा नंबर होता आणि खाली दोन ओळी: रायफल जमा करताना तिची दुर्बीण हरवलेली आढळली, खुलासा समाधानकारक नाही.

वडील मरेपर्यंत सांगत राहिले की मी दोन्ही जमा केलं, रायफल आणि दुर्बीण. कुणी ऐकलं नाही. विकून खाल्ली असणार, असं लोक म्हणायचे. बाईंना शाळेत पोरं ‘दुर्बीण’ म्हणून चिडवायची. थोरल्या भावाने तर बापाशी बोलणंच टाकलं, ते गेले तेव्हाही आला नाही. तो भाऊ आता अंथरुणाला खिळला होता आणि डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते.

“त्याला दाखवायला मला कागद हवाय,” बाई म्हणाल्या. “सहीशिक्क्याचा. माझ्या शब्दावर तो विश्वास ठेवायचा नाही. नुसता चिडतो.”

यांनी पत्रातला नंबर वाचला आणि खुर्चीवरून उठले. बसले होते हेच नवल. “आहे,” म्हणाले, “आमच्याकडे आहे ही. सतरा नंबरच्या खणात.”

सतरा नंबरच्या खणातल्या पाटीवर यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘पायदळाची साधी रायफल. नंतर शिकारीसाठी फेरफार केलेली.’ तिच्या डाव्या बाजूला दोन लोखंडी पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या होत्या, दस्त्यावर गाल टेकवायला लाकडाचा उंचवटा होता. एकतीस वर्षांपूर्वी यांना वाटलं होतं, कुणा हौशी शिकाऱ्याने केलेला उद्योग असेल. पाटी लिहिली आणि विषय संपला.

तो आता घरी सुरू झाला. जेवणाच्या टेबलावर रायफलीचे फोटो पसरले. माझी भाजी निवडायची जागा गेली. भिंग घेऊन हे फोटोवर वाकायचे, मग उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे. पट्ट्यांचं माप घेतलं. स्क्रूंच्या डोक्यांच्या कडेला बारीक घाव घातलेले दिसले, ते सैल होऊ नयेत म्हणून. “अगं, शिकारी कशाला एवढं करील? हे कारखान्याचं काम आहे!” गालाच्या उंचवट्याखाली कारखान्याने ठोकलेलं एक अक्षर सापडलं. ग्रंथालयातून तीन जाडजूड पुस्तकं आली. त्यांत याच रायफलीचे सहा प्रकार दिलेले होते आणि मला त्यांच्यातला फरक जेवताना समजावून सांगण्यात आला. मी हो हो केलं. मला सहाही सारख्याच दिसत होत्या.

शेवटी ठरलं. ती साधी नव्हतीच. नेम फार अचूक लागणाऱ्या मोजक्या रायफली निवडून त्यांना दुर्बीण बसवायचे, त्यांतली ती एक होती. तीही मधल्या काळातल्या प्रकारची, कारण पुढची पट्टी गोल होती आणि नंतरच्यात ती चौकोनी झाली. माणूस नाचायचा बाकी होता.

“पण बाईंच्या कामाचं काय?” मी विचारलं. “रायफल स्नायपरची हे त्यांना माहीतच आहे की. प्रश्न दुर्बिणीचा आहे.”

तेव्हा यांनी दुसरी गोष्ट सांगितली. त्याच डेपोतून, त्याच लॉरीतून, दुर्बिणींची एक वेगळी पेटी आली होती. तिच्यात रायफलीची एक दुर्बीण होती, नंबर २१६३. कोणत्या रायफलीची, ते कुणालाच माहीत नव्हतं. यादीत तसंच लिहिलं होतं. डेपोची जुनी वहीखाती ओल लागून कधीच गेली. आता ही दुर्बीण सतरा नंबरच्या रायफलीचीच आहे एवढं सिद्ध झालं, तर ती हरवली नव्हती. डेपोतच होती. कुणीतरी वेगळ्या पेटीत टाकली आणि नंतर शोधायचे कष्ट घेतले नाहीत.

सिद्ध करायचं कसं? यांनी सैन्यात शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या एका निवृत्त म्हाताऱ्याचा पत्ता मिळवला आणि पत्र टाकलं. उत्तराची वाट बघण्याचे बारा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोस्टमनची सायकल दिसली की हे फाटकाशी. तेवढ्या दिवसांत आमचं फाटक तीन वेळा पुसून झालं.

बाई दर गुरुवारी बसने यायच्या. कधी संग्रहालयात, कधी सरळ घरी. यांना कामात पाहून बाजूला बसायच्या आणि वडिलांबद्दल बोलायच्या, तेही माझ्याशी. सैन्यातून घरी आल्यावर वडिलांनी कुठे नोकरी धरली नाही. खिडकीशी एका लाकडी खुर्चीत बसायचे आणि उजव्या हाताचा अंगठा खुर्चीच्या हातावर पुढे-मागे घासत राहायचे. तासन्‌तास. “तिथलं पॉलिश गेलं, लाकूड झिजलं. आई ओरडायची. मलाही तो आवाज नकोसा व्हायचा,” बाई म्हणाल्या.

मी यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, अशी माणसं असतात बाई, काय करणार.

तेराव्या दिवशी पत्र आलं. यांनी ते फाटकाशीच वाचलं, आत आले, आणि बसले. नळ नाही, बशी नाही, काही नाही. मी घाबरले. मुलीला फोन करावा की काय असं वाटलं.

“काय लिहिलंय?”

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. म्हाताऱ्याचं अक्षर थरथरतं होतं पण मजकूर स्वच्छ. रायफल आणि दुर्बीण यांची ताटातूट होऊ नये म्हणून कारखान्यात दुर्बिणीचा नंबर रायफलीच्या दस्त्यावर ठोकत असत. मुठीच्या वरच्या अंगाला, जिथे अंगठा येतो तिथे. चार आकडे, चार घाव. लाकडात चांगले खोल जातात, सहज दिसतील.

“मग बघा की उद्या,” मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

यांनी घासले होते. एक्केचाळीस दस्ते, तीन आठवडे, जाड पेपरने आधी आणि बारीक पेपरने नंतर. त्या काळ्या चिकट थराखाली आकडे होते की ओरखडे, ते बघायला कुणाला वेळ होता? डाग दिसला की घास.

दुसऱ्या दिवशी भिंग, टॉर्च, सगळं करून पाहिलं. दस्ता गुळगुळीत. मुठीच्या वर एक जागा तर जरा जास्तच खोलगट लागत होती. “तिथे काळा डाग होता,” हे म्हणाले. “मला आठवतंय. तो जाईना म्हणून मी दुपारभर तिथेच घासत बसलो होतो.”

त्यानंतरचे पंधरा दिवस मला आठवायला नकोत. माणूस घरात येरझाऱ्या घालत होता. जेवताना उठायचे. वर्तमानपत्र उघडून तेच पान धरून बसायचे. गुरुवार आला की सुट्टी टाकायचे, बाईंना तोंड दाखवायचं नव्हतं. एका गुरुवारी म्हणाले, “कुणाला काय माहीत की तिथे नंबर होता? नसेलही. सगळ्यांवर ठोकत नसतील.” मग स्वतःच म्हणाले, “होता.”

पुढच्या गुरुवारी बाई घरी आल्या. हातात संत्र्यांची पिशवी. “तब्येत बरी नाही म्हणे, दोनदा सुट्टी होती. म्हटलं बघून यावं.”

हे मागच्या खोलीत. मी आत गेले तर कपाटाची मूठ पुसत उभे. माझं डोकंच फिरलं. “अहो, त्या माऊलीने तुमच्यासाठी संत्री आणलीत! बाहेर या आणि काय ते सांगून टाका. नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं तर घड्याळासकट सांगेन.”

बाहेर आले. उभ्यानेच सांगितलं, सगळं, पॉलिश पेपरपासून बक्षिसापर्यंत. बाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा लहान झाला.

“म्हणजे होतं लिहिलेलं,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही पुसलंत.”

“हो.”

“चकचकीत दिसावं म्हणून.”

मला यांचा राग आला होता आणि दयाही येत होती, दोन्ही एकदम. बाई पर्स उघडून रुमाल शोधू लागल्या, सापडेना. त्यांचा हात खुर्चीच्या हातावर टेकला होता. माझ्या वडिलांनी केलेली खुर्ची ती, लग्नात मला दिलेली. तिच्यावर मी एकदा बत्ता पाडला होता आणि चांगला खळगा पडला होता. वडिलांनी ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवली आणि खळगा भरून आला होता.

तिथून मला दुसरी गोष्ट आठवली. लहानपणी वडील एक गंमत करून दाखवायचे. फळीवर खिळ्याच्या डोक्याने ठोकून एखादं अक्षर उमटवायचे, मग रंधा मारून ते पार नाहीसं करायचे. मग म्हणायचे, फुंकर मार. मी फुंकर मारली की ते वर उकळतं पाणी टाकायचे आणि अक्षर परत यायचं. खोल नाही, उलट फुगून वर आलेलं, अंगावर काटा यावा तसं. घाव बसला की खालचं लाकूड दबतं. वरचं कापून काढलं तरी खालचं दबलेलंच राहतं, आणि वाफ लागली की फुगतं.

मी हे बोलून दाखवलं. यांनी माझ्याकडे असं पाहिलं की इतक्या वर्षांत कधी पाहिलं नसेल.

“पण दर वेळी होतंच असं नाही,” मी म्हटलं. “आणि जास्त घासलं असेल तर नाही होत. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका.”

संग्रहालयाच्या प्रमुख मॅडम आमच्या मुलीच्या वयाच्या. आधी ठाम नाही म्हणाल्या. जुन्या वस्तूला पाणी लावायचं नाही, उष्णता तर नाहीच. बाईंनी वडिलांचं ते पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. मॅडमनी दोनदा वाचलं, खिडकीतून बाहेर बघितलं, मग म्हणाल्या, “फोटो काढून. माझ्यासमोर. आणि सगळं लेखी.”

शुक्रवारी सकाळी मी माझी इस्त्री पिशवीत घालून बसने संग्रहालयात गेले. दारावरच्या शिपायाने विचारलं, “वहिनी, आज काय साहेबांचा शर्ट?” म्हटलं, बंदुकीचा.

कार्यशाळेत लांब टेबल, त्यावर जाड कापड, कापडावर ती रायफल. फोटोत पाहिली होती त्याहून लांब आणि जड वाटली. यांनी वरचं तेल स्पिरिटने काढलं. इस्त्री मी यांच्या हाती दिलीच नाही, मीच धरली. मुठीवर ओलं सुती फडकं घडी करून ठेवलं आणि इस्त्रीचं टोक टेकवलं. चर्र झालं, वाफ आली, जुन्या तेलाचा वास आला. एक, दोन, तीन मोजून उचललं. काही नाही. परत ओलं केलं, परत टेकवलं. बाईंनी माझ्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं, त्यांच्या लक्षातही नव्हतं.

पाचव्या वेळी यांनी टॉर्च बाजूने आडवा धरला आणि म्हणाले, “थांब.”

दोन होता. नखाएवढा, वर आलेला. मग एक. मग काहीच नाही, नुसती खोलगट जागा. आणि शेवटी तीन.

मी त्या मधल्या जागेला आणखी सहा वेळा वाफ दिली. सहाचा आकडा काही वर आला नाही. दुपारभर घासलेली जागा होती ती.

मॅडमनी फोटो काढले आणि पेन उघडून बसल्या. “चारातले तीन जुळतात,” त्या म्हणाल्या. “पण कुणी विचारलं तिसरा का नाही, तर? तो वेगळाच असेल, असंही कुणी म्हणेल. तिथे मूळचा आकडा होता आणि तो आपल्याकडून गेला, हे लेखी असेल तरच मी ठाम लिहू शकते. नाहीतर ‘निष्कर्ष काढता येत नाही’ एवढंच.” मग आवाज खाली आणून यांना म्हणाल्या, “काका, दोन महिने राहिलेत तुमचे. ही नोंद तुमच्या सेवापुस्तकात जाईल. एकतीस वर्षांत एकही नाही तुमच्या नावावर.”

मला वाटलं, आता हे खिडकीपर्यंत जातील, परत येतील, टेबल पुसतील. यांनी पेन मागितलं. उभ्यानेच लिहिलं, पाट्या लिहितात त्याच वळणदार अक्षरात: दस्त्यावरचा नंबर मी, येथील भांडारपालाने, संग्रहालय सुरू होण्याआधी पॉलिश पेपरने घासून पुसला. तिसरा आकडा त्यामुळे नष्ट झाला. दोष माझा. खाली सही. मॅडमनी त्या आधारावर आपला कागद केला: २१६३ क्रमांकाची दुर्बीण याच रायफलीची असून ती डेपोत जमा झालेली होती. शिक्का मारला. बाईंनी शाई वाळेपर्यंत वाट पाहिली, दोन्ही कागदांच्या प्रती घेतल्या, आणि आमच्याशी एक शब्द न बोलता बस गाठायला गेल्या. यांना ते लागलं. मलाही लागलं.

घरी आल्यावर यांनी घड्याळ भिंतीवरून उतरवलं. मी परत टांगलं. वेळ कशात बघायची मग?

बाई एकदम निरोपाच्या दिवशीच आल्या. भाषणं संपली होती, यांना शाल मिळाली होती आणि हे तिच्यावरचा धागा निरखत होते. बाई सरळ सतरा नंबरच्या खणापाशी गेल्या. तिथे यांनी लिहिलेली शेवटची पाटी होती. स्नायपर रायफल, तिचा प्रकार, दुर्बीण शेजारी, आणि खाली त्या पुसलेल्या आकड्याची कबुली. मॅडम नको म्हणत होत्या, यांनी ऐकलं नाही.

“भाऊ गेला मंगळवारी,” बाई म्हणाल्या. “कागद वाचून दाखवला होता मी. शिक्क्याचा वाचला तेव्हा म्हणाला, असले शिक्के पैसे टाकून मिळतात. मग तुमचा वाचला. म्हणाला, परत वाच. दोनदा वाचायला लावला. म्हणाला, हा माणूस स्वतःवर घेतोय, तो कशाला खोटं लिहील?”

यांनी शालीची घडी केली, मोडली, परत केली.

“मग त्याने भिंतीकडे तोंड वळवलं. आणि म्हणाला, बाबांची ती खुर्ची आण, मला बघायचीय.” बाईंनी खणाच्या काचेवर हात टेकला. “मी ती दोन वर्षांपूर्वी भंगारात दिली हो. घर रंगवायला काढलं तेव्हा. झिजली होती म्हणून.”

यांनी खिशातून किल्ली काढली. नियमाने चाललं नसतं, पण मॅडमनी दुसरीकडे बघितलं. खणाची काच सरकवली. बाईंनी हात आत घालून रायफलीची मूठ धरली, नवख्या माणसासारखी, जरा घाबरत. अंगठा आपोआप वर गेला आणि त्या फुगून आलेल्या आकड्यांवर टेकला. त्यांनी तो पुढे नेला. मागे आणला. पुन्हा पुढे नेला. मग त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळून बघितलं, आणि मला कळलं की खिडकीशी खुर्चीत बसून बाईंचे वडील तेवढी वर्षं अंगठ्याने काय चाचपत होते.

बाई बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. गेल्या तेव्हा लाकडावर बोटांचे ओले ठसे राहिले होते. यांचा हात खिशाकडे गेला, फडक्याला लागला, आणि रिकामाच बाहेर आला. यांनी काच लावली, किल्ली मॅडमच्या हातात दिली आणि म्हणाले, “चल.”